धोका टळल्याचा भोंगा

भोंगा वाजला आणि मी हसले. अगदी खदखदून नव्हे, ओठांचे कोपरे जरासे वर गेले एवढंच. पण कॅमेरा तोंडापासून हातभर अंतरावर असला की तेवढं पुरतं. "कट," मीनाक्षी अंधारातून म्हणाली आणि वरचे दिवे फटाफट लागले. "मावशी, तुम्ही परत हसलात." मी म्हटलं, "छे गं, हसले कुठे?" तिनं मला छोट्या पडद्यावर दाखवलंच. विटक्या सुती साडीतली एक म्हातारी खुर्चीत बसली आहे, दिवा मालवतो, धोक्याचा भोंगा चढायला लागतो, आणि त्या बाईच्या चेहऱ्यावर असं काही पसरत जातं की वाटावं, दारात लेकीच्या लग्नाची वरात आली. मी स्वतःच स्वतःला ओळखलं नाही. इतकी खूश मी रिटायर झाले त्या दिवशीही नव्हते.

प्रकार असा होता. सिनेमा भुताचा आणि काळ एकाहत्तरच्या लढाईचा. दिल्लीतल्या एका सरकारी क्वार्टरमध्ये एक विधवा एकटी राहते. डिसेंबरातल्या संध्याकाळी भोंगा होतो, ब्लॅकआउट म्हणून सगळे दिवे मालवतात, आणि त्या काळोखात तिचा मेलेला नवरा शेजारच्या खुर्चीतून तिच्याशी बोलायला लागतो. धोका टळल्याचा दुसरा भोंगा होतो, ती दिवा लावते, तर खुर्ची रिकामी. तो खरंच येतो की बाईचं डोकं फिरलंय हे शेवटपर्यंत कळत नाही; मीनाक्षीच्या मते खरा हॉरर तोच. ती बाई मी. आयुष्यभर मिनिस्ट्रीत फायली वर सरकवल्या, दिल्लीच्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकांत पडद्याआडून दुसऱ्यांना वाक्यं पुरवली, आणि साठी उलटल्यावर हेमलताच्या या पोरीनं, मीनाक्षीनं, मला सिनेमात घेतलं. हेमलता आमच्या नाटकांतली कायमची नायिका. तिला न घेता मला घेतलं, यानंच मी अर्धी तरंगत होते. नवऱ्यानं आमच्या गाझियाबादच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करून टाकलं होतं. भाजीवाला मला 'हीरोइन आंटी' म्हणायला लागला होता. आणि आता मी भूत आलं की हसत होते.

"मावशी, बुरा मत मानना," मीनाक्षी म्हणाली. ती एकतीस वर्षांची, दिल्लीतच वाढलेली, तिचं मराठी दर दुसऱ्या वाक्याला हिंदीकडे घसरतं. "पण आपल्याकडे हे सेट फक्त आज आहे. उद्या तोडणार. आज सीन नाही झाला ना, तर मला स्क्रिप्ट बदलावी लागेल. मग ती बाई सीनमध्ये नसणार."

"मग कुठे असणार?"

ती खाली बघत म्हणाली, "भिंतीवर. फोटो लावू आपण तुमचा. हार घालून."

कॅमेरावाला फिस्कन हसला. मीही हसले, म्हणजे दिवसभरात मी एवढंच काय ते करत होते. पण आत कुठेतरी असं चिरत गेलं की डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं. मला ही भूमिका हवी होती. नुसती हवी नव्हती, लहान मुलाला फुगा हवा असतो तशी हवी होती. पडद्याआडून इतरांची वाक्यं पुटपुटताना प्रत्येक वाक्य मी आधी स्वतः म्हटलेलं होतं, आणि मला माहीत होतं की मी ते चांगलं म्हटलं होतं. आता एकदाच माझ्या वाट्याला माझं वाक्य आलं होतं, तेही नव्हे, नुसतं घाबरणं आलं होतं, आणि ते मला येत नव्हतं.

खरं सांगायचं तर मला असले सिनेमे पाहूनही भीती वाटत नाही. भुताचे सिनेमे मला आवडतात, आणि त्यातही लढाईच्या दिवसांत घडणारे फार. बाहेर कुठेतरी तोफा, आणि आत एक घर, पडदे ओढलेले, माणसं दबक्या आवाजात बोलताहेत, कुणीतरी जिन्यावर आहे असं त्यांना वाटतंय. अविनाश, म्हणजे माझा नवरा, पहिल्या दहा मिनिटांतच बातम्या बघायला दुसऱ्या खोलीत निघून जातो. "काय मिळतं गं तुला हे बघून?" असं विचारतो. मी काय सांगणार? दिवे जायची वेळ आली की बाकीची माणसं उशी तोंडावर घेतात आणि मी पुढे सरकून बसते. पोटात गुदगुल्या होतात. आता अंधार होणार, आता सगळी एका खोलीत येणार, आता कुणीतरी बोलणार. मग दिवे लागतात, भूत सापडतं किंवा सापडत नाही, आणि मी खट्टू होऊन टीव्ही बंद करते. हे असं का, याचा विचार मी कधी केला नव्हता. आवडीनिवडीचा कुणी विचार करतं का?

मीनाक्षीनं मला घेतलं त्याचं कारणही अभिनय हे नव्हतंच म्हणा. तिला एकाहत्तरची दिल्ली हवी होती, आणि मी त्या डिसेंबरात सात वर्षांची असून सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहत होते. तिनं विचारायचं आणि मी सांगायचं, असं कितीतरी दिवस चाललं. पुढे छोटा व्हरांडा, मग बाहेरची खोली, मग आतली, मागे स्वयंपाकघर आणि बंद अंगण. आतल्या खोलीत उजवीकडे लाकडी कपाट, त्याच्या दाराला आरसा. खिडकीच्या काचांना कसला कागद, तो कशानं चिकटवलेला? "खळ," मी म्हटलं. "खळ म्हणजे?" "अगं, कणीक पाण्यात शिजवून करतात ती." "अच्छा, लेई!" तिनं डोळे मोठे केले. मी सांगत गेले, ती ऐकत गेली, आणि साहिबाबादच्या एका बंद पडलेल्या पंख्याच्या कारखान्यात तिच्या माणसांनी ते सगळं फळ्या ठोकून उभं केलं. आज सकाळी त्या प्रचंड शेडमध्ये शिरून मी व्हरांड्याचा पडदा बाजूला केला आणि थबकलेच. आमचं घर होतं. वर छत नव्हतं, तिथे दिव्यांच्या सळया लटकत होत्या, पण घर आमचंच होतं. स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर मी सांगितला होता तसा बारीक उंबरा होता. तिथे उभं राहून बघितलं की डावीकडे आई दिसायची आणि उजवीकडे बाबा. मी जाऊन उभी राहिले. दोन्हीकडे इलेक्ट्रिशियन होते. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा होता, शपथ.

सिनेमातल्या नवऱ्याचा आवाज विलासचा. विलास करोल बागेत जन्मलेला, बापजाद्यांपासून तिथलाच, मंडळाच्या नाटकांत सासरे आणि शेठजी करणारा. त्याचं काम सोपं होतं. काळोखात माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचं, चार वाक्यं बोलायची, आणि दुसरा भोंगा सुरू झाला की मोजे घातलेल्या पायांनी गुपचूप उठून जायचं. काळोख म्हणजे अगदी काळोख नव्हे. कॅमेऱ्याला माझं तोंड दिसेल एवढा निळसर उजेड वरून सोडलेला, पण माझ्या डोळ्यांना शेजारचा माणूस दिसत नव्हता. "अगं, ऐकतेस का?" असं तो म्हणणार. मी दचकणार. खुर्चीचे हात घट्ट धरणार. पण भोंगा खालून वर चढायला लागला, मग उतरून पुन्हा चढला, की माझ्या पोटात त्या गुदगुल्या सुरू व्हायच्या, आणि विलासचा आवाज यायच्या आधीच ओठ वर जायचे. तो बिचारा अजून एकही वाक्य पुरतं बोलला नव्हता. दर वेळी आधी कट.

"आप सोचो ना मावशी," मीनाक्षी माझ्याजवळ उकिडवी बसून समजावत होती, "तुमचे मिस्टर मेलेत. आणि ते बोलताहेत. अंधारात. किती भयंकर!"

"हो गं, भयंकर," मी म्हटलं. आणि मनात म्हटलं, बोलताहेत ना पण?

माझे आई-बाबा बोलत नसत. हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिनं क्वार्टरबद्दल विचारलं होतं, माणसांबद्दल नाही. त्या वर्षी दिवाळीच्या आधी आईला शाळेत नोकरी मिळाली होती. कुमुदबाई म्हणून तिला हाक मारली जाणार होती, मी वर्गातल्या मुलींना सांगूनही टाकलं होतं. तिनं रुजू व्हायच्या आधीच बाबांनी तिला न विचारता 'नको' म्हणून कळवून टाकलं. का, ते त्यांनाच ठाऊक; घराकडे कोण बघणार, लोक काय म्हणतील, असलंच काहीतरी असणार. आईनं भांडण केलं नाही. रडली नाही. तिनं फक्त त्यांच्याशी बोलणं बंद केलं, आणि शशिकांत नाव लावणारा तो माणूस असा, की त्यानं एकदाही 'चुकलं' म्हटलं नाही, तोही गप्प झाला. पण घर म्हटलं की बोलण्यावाचून कसं चालणार? मग मधे मी. "अरुणा, बाबांना सांग, पानं घेतलीत." मी उंबऱ्यावरून उजवीकडे वळून सांगायची, "बाबा, पानं घेतलीत." ते म्हणायचे, "आईला सांग, आलो." दोघांमध्ये अंतर किती? हात लांब केला तर पोचेल एवढं. दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येत असायचं, तरी मी तेच पुन्हा मोठ्यानं म्हणेपर्यंत ते खरं धरलं जायचं नाही. मला आधी मजा वाटली. मग मी निरोप मधेच थोडा गोड करायला शिकले. "आई म्हणते, लवकर या, आमटी गार होईल," असं म्हणायची. आमटीचं आई बोललेलीच नसायची. पण माझी लबाडी लगेच पकडली जाई, कारण दोघंही तिथेच बसलेली असत.

आणि मग लढाई सुरू झाली. काय दिवस होते ते! आता सांगताना लाज वाटायला हवी, कुठे कुठे माणसं मरत होती. पण सात वर्षांच्या मुलीला लढाई म्हणजे दिवेलागणीच्या आत उरकलेला स्वयंपाक, बागेत खणलेले खंदक, मोटारींचे अर्धे काळे केलेले दिवे आणि खिडक्यांना खळीनं कागद चिकटवणं. पहिल्या संध्याकाळी भोंगा झाला तेव्हा आई स्वयंपाकघरात होती आणि बाबा बाहेरच्या खोलीत. दिवा मालवला. शिट्टी वाजवत कुणीतरी रस्त्यावरून ओरडत गेलं, "बत्ती बंद करो!" मी कुठे उभी आहे तेच मला कळेना. आणि तेवढ्यात त्या काळोखातून बाबांचा आवाज आला, "कुमुद, इकडे ये. खिडकीपाशी थांबू नकोस." मी सवयीनं तोंड उघडलं, निरोप द्यायला. पण आईनं वाट बघितली नाही. ती म्हणाली, "आले. तुम्ही अरुणाला धरलंय ना?" मला कुणीही धरलं नव्हतं, पण मी 'हो' म्हटलं. असं वाटलं, की मी नुसती हलले तरी हे बंद होईल.

रोज मग तेच. आतल्या खोलीत कपाटाशेजारी रजया अंथरलेल्या, भोंगा झाला की तिघंही त्यांत. दिसत काहीच नसे. आईच्या हातांना शेंगदाण्यांचा वास, बाबांच्या कोटाला फायलींचा. पहिले काही भोंगे कामाचंच बोलणं झालं, पाय झाक, पाणी कुठेय. मग एकदा आईनं मला पाढे विचारले, मला घाबरायला होऊ नये म्हणून असावं. मी अडखळले. तर पलीकडून बाबा बारीक आवाजात म्हणाले, "बाई, बाई, मला येतो. मी सांगू?" मला वाटलं, गेलं, संपलं. आणि आई, माझी आई, बाईंच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "शशिकांत, हात वर करून बोलायचं." बाबा म्हणाले, "केलाय बाई. तुम्हाला दिसत नाही." आणि ती हसली. मी आयुष्यात पुष्कळ चांगलं ऐकलंय, गाणी ऐकलीत, माझ्या मुलाचं पहिलं रडणं ऐकलंय. त्या हसण्याच्या वर काही नाही. त्या दिवसापासून रोज काळोखात शाळा भरायची. कृष्णा नदी कुठे उगम पावते, वाईचा घाट कसा, सगळं ती शिकवायची, आणि मिनिस्ट्रीतला सेक्शन ऑफिसर मुद्दाम चुकायचा आणि "बाई, पाणी पिऊन येऊ?" विचारायचा. नोकरीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. पण तो रोज तिच्या वर्गात येऊन बसायचा. मी दिवसभर संध्याकाळची वाट पाहायची. शेजारच्या मुली भोंग्याला भिऊन रडायच्या आणि मी गच्चीकडे कान लावून बसायची, वाज ना, आज का वाजत नाही.

आता सांगा, कशी घाबरणार मी?

मीनाक्षीनं चहाची सुट्टी दिली. मी सेटच्या बाहेर एका लोखंडी पेटीवर बसले, साडीवर डाग पडू नये म्हणून मांडीवर टॉवेल घेऊन. विलास शेजारी येऊन बसला. "अरुणाताई, टेन्शन नका घेऊ यार," तो म्हणाला. "मी तर पहिल्या नाटकात बेहोश झालो होतो. सच्ची." मी म्हटलं, "विलास, मला भिंतीवर जायचं नाहीये रे." तो म्हणाला, "कोण जाणार भिंतीवर? मी आधी जातो, मी तर सिनेमात मेलेलोच आहे." मी हसले. शेडच्या पत्र्यांच्या फटींतून ऊन आत येत होतं, ते आता पिवळं व्हायला लागलं होतं. दिवस हातातून चालला होता. मी एक प्रयत्न म्हणून वाईट वाईट गोष्टी मनात आणून पाहिल्या, आजारपणं, अपघात, अविनाशला काही झालं तर. तोंड लांब झालं असेल, पण ते दुःख होतं. भीती नव्हती. भीती अंगात असावी लागते, ती डोक्यातून काढता येत नाही. आणि माझ्या अंगात नव्हतीच, असंच मी समजून चालले होते.

तेवढ्यात आवाजाचं काम बघणारे सरदारजी आपल्या टेबलाशी काही बटणं तपासत होते, त्यांनी स्पीकरवर दुसरा भोंगा लावला. धोका टळल्याचा. तो चढत नाही की उतरत नाही, एकाच सुरात सरळ वाजत राहतो. माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला. सांडला म्हणजे ग्लास सुटलाच. आणि माझा हात, माझा स्वतःचा उजवा हात, शेजारी बसलेल्या विलासच्या कोटाची बाही घट्ट धरून बसला होता. "काय झालं ताई? भाजलं काय?" विलास विचारत होता. "सॉरी जी, टेस्टिंग," सरदारजी ओरडले आणि भोंगा बंद झाला. मी बाहीकडे बघत राहिले. माझी बोटं सुटत नव्हती. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि मी त्या बाहीला धरूनच ओरडले, "सापडली! अरे विलास, सापडली!" त्याला वाटलं असणार, बाई गेली कामातून.

कारण तो भोंगा झाला की आईचा हात माझ्या अंगावरून निघून जायचा. वर्ग मधेच सुटायचा, कृष्णा वाईपर्यंत आलेली असायची आणि तिथेच राहायची. रजई सरकायची. काडीपेटी खडखडायची, पुठ्ठ्याचा आडोसा केलेला दिवा लागायचा, आणि त्या पिवळ्या उजेडात दोन माणसं उभी असायची, एकमेकांकडे न बघणारी. बाबा चष्मा पुसायचे. आई स्वयंपाकघरात जायची. मी डोळे गच्च मिटून घ्यायची, म्हणजे माझ्यापुरता तरी काळोख राहावा. आणि मग तो आवाज, सपाट, थंड, खडूसारखा कोरडा, "अरुणा, बाबांना सांग, पानं घेतलीत." सगळं सांगितलेलं पुसून टाकणारा. रोज. आणि मग एक दिवस लढाईच संपली. रस्त्यावर लोकांनी बर्फी वाटली, फटाके वाजवले, आमच्या शेजाऱ्यांनी ढोल आणला. बाबांनी खिडकीचे कागद टराटरा ओढून काढले. मी ते तुकडे गोळा केले, आईची उरलेली खळ घेऊन एकटीच काचेवर पुन्हा चिकटवत बसले. आईनं पाहिलं. ती रागावली नाही. तिनं माझी बोटं ओल्या फडक्यानं पुसली, फार वेळ पुसत राहिली, आणि मग मला म्हणाली, "बाबांना सांग, दूध आणायचंय."

पुढे ते तसेच राहिले. मला वाटायचं, कधीतरी सुटेल. उन्हाळ्यात दिल्लीत वीज जायची तेव्हा मी श्वास धरून बसायची. पण भोंग्याशिवायचा काळोख खरा नसतो बहुधा; बाबा लगेच म्हणायचे, "अरुणा, आईला विचार, मेणबत्ती कुठेय." माझ्या लग्नात बाकीच्या बायका मी सासरी जाणार म्हणून रडत होत्या आणि मी या काळजीनं, की आता या घरात निरोप कोण पोचवणार. मी गेल्यावर त्यांनी टीव्ही घेतला. दोघं टीव्हीशी बोलत. बाबा गेले तेव्हा आई त्यांच्या पायांशी बसली होती आणि सगळे तिला म्हणत होते, "कुमुदताई, बोला काहीतरी, मन मोकळं करा." ती माझ्याकडे बघत होती. मी कितीतरी वर्षं समजत आले की तो राग होता. एवढा राग! किती हट्टी बाई, असं मला तिच्याबद्दल वाटायचं.

मी उठले, साडीवरचा चहा झटकला आणि मीनाक्षीकडे गेले. चालत नव्हे, जवळजवळ धावत. "ऐक," मी म्हटलं. "या वेळी कट म्हणायचं नाही. मी हसू दे, नाचू दे, काहीही करू दे. दुसऱ्या भोंग्याच्या पलीकडे जायचं. दिवा लागला तरी चालू ठेवायचं."

"पण मावशी, पहिल्या भोंग्यालाच हसलात तर सीनच..."

"हसणारच आहे मी. मुद्दाम हसणार आहे. अगं, नवरा आलाय ना तिचा! ती का घाबरेल?" माझा आवाज चढला होता. सगळे बघायला लागले. "ती त्याची वाट बघत असते. भीती त्याच्या येण्याची नाहीच मुळी."

तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली आणि गेली. मग तिनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, एकच होईल आता. नंतर लाइट काढायला लागतील हे लोक."

"एकच पुरे," मी म्हटलं. खोटं बोलले. मला काहीही माहीत नव्हतं. चुकलं तर भिंत आणि हार. पण खुर्चीत बसताना मला जाणवलं, की इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

दिवा मालवला. भोंगा खालून वर चढला, उतरला, पुन्हा चढला, आणि मी हसले. या वेळी पुरतं हसले, दात दाखवून. कुणी कट म्हटलं नाही. शेजारून विलासचा आवाज आला, "अगं, ऐकतेस का?" मी म्हटलं, "कधीची वाट बघतेय." हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. विलासची खुर्ची करकरली. मी म्हटलं, "हात वर करून बोलायचं." तो मुरलेला नट, त्याचा आवाज बदलला, बारीक झाला, आणि तो म्हणाला, "केलाय. तुला दिसत नाही." हे वाक्य त्याला कुठून सुचलं? कुणाला सांगितलं नव्हतं मी ते. पण काळोखात हात वर केलेला माणूस दुसरं काय म्हणणार! मी खळखळून हसले आणि ते हसणं माझं नव्हतं. मी ते ओळखलं. मग आम्ही बोललो. काय काय बोललो ते मला आठवत नाही, मी त्याला नदी विचारली, त्यानं बहुतेक यमुना सांगितली, मी रागावले. माझा हात त्याच्या बाहीवर होता. कॅमेरा कुठे आहे हे मी विसरले होते. एवढंच कळत होतं, की हे चालू आहे, अजून चालू आहे.

आणि तो सरळ भोंगा सुरू झाला. "नाही," मी म्हटलं. "अजून नाही झाला. बसा हो. तो आपला नाही, दुसरीकडचा आहे." बाही माझ्या बोटांतून निसटायला लागली, त्याला उठून जायचंच होतं, तसं ठरलेलं होतं. मी घट्ट धरली. तो हळूच दुसऱ्या हातानं माझी बोटं सोडवत होता, एकेक, आणि मी लहान पोरीसारखी पुन्हा धरत होते. मग बाही गेली. भोंगा थांबला. काडी पेटवायची होती मला, माझंच काम ते. पहिली मोडली. दुसरी पेटली. दिवा लागला. खुर्ची रिकामी होती. मी खुर्चीकडे बघू शकले नाही. तिथून नजर उचलून मी कुठेतरी ठेवायला जागा शोधत होते, आणि ती जाऊन थांबली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. तिथे कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं. रडू फुटायला नको, कुणाला कळायला नको, म्हणून आवाज जेवढा सपाट करता येईल तेवढा केला, थंड केला, पार कोरडा केला आणि त्या रिकाम्या उंबऱ्याला म्हटलं, "अरुणा, बाबांना सांग, पानं घेतलीत."

तो आईचा आवाज होता. हुबेहूब. आणि तो माझ्याच गळ्यातून येत होता म्हणून मला पहिल्यांदा आतून कळलं तो कशाचा बनलेला आहे. राग नव्हता त्यात. आई गं, कण नव्हता रागाचा. ती घाबरलेली होती. रोज संध्याकाळी दिवा लावताना ती माझ्याहून जास्त घाबरलेली असायची.

"कट," मीनाक्षी म्हणाली, पण इतक्या हळू, की कॅमेरावाल्यानं मागे वळून पाहिलं. सरदारजींनी कानांवरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. विलास पडद्याआड पायमोजांतच उभा होता, कोटाची ओढलेली बाही तशीच. मी घामानं भिजले होते आणि मला नाचावंसं वाटत होतं. मीनाक्षी माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिचे डोळे लाल झाले होते.

"भिंतीवर?" मी विचारलं.

"चुप करो मावशी," ती म्हणाली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. मग नाक पुसत, दिग्दर्शिकेच्या आवाजात म्हणाली, "एक विचारू? ही अरुणा कोण? स्क्रिप्टमध्ये बाई घरात एकटी आहे. अरुणा नाहीये."

"मग घाल ना," मी म्हटलं. "सात वर्षांची. त्या उंबऱ्यावर उभी कर."

"पण ती तिथे करणार काय?"

मी उंबऱ्याकडे पाहिलं. डावीकडे एक इलेक्ट्रिशियन वायर गुंडाळत होता, उजवीकडे रिकामी खुर्ची.

"अगं, ती नसेल," मी म्हटलं, "तर निरोप कोण पोचवणार?"